मुद्दाम ढिला ठेवलाय, काका

शेजारच्या काकांशी मी कालपासून बोलत नाही. त्यांना हे अजून कळलेलं नाही, त्यामुळे अबोल्याचा सगळा त्रास एकट्या मलाच होतोय.

माझी गाडी किट कार आहे. खोक्यांतून सुटे भाग येतात आणि ते जोडून जे काही उभं राहतं त्याला गाडी म्हणायचं. "कुठल्या कंपनीची?" असं कुणी विचारलं की "माझीच" म्हणावं लागतं, आणि विचारणारा एक पाऊल मागे सरकतो. ती बरी चालत होती, हे इथेच कबूल करून टाकतो. एक कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं यंत्र), बिडाचा जाडजूड एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा नळा), तक्रार शून्य. पण चार सिलिंडरांनी एकाच कार्बोरेटरच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे मला बघवेना. वेबर कंपनीचे '४० डीसीओई' नावाचे दोन जोडघशी कार्बोरेटर लावले की प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा ४० मिलिमीटरचा घसा मिळतो. आणि चार सारख्या लांबीच्या नळ्या पुढे एकात मिळणारा एक्झॉस्ट लावला की एका सिलिंडरचा धूर बाहेर पडता पडता दुसऱ्याचा ओढून नेतो. कागदावर इतकं सुंदर सहकार्य मी माणसांतही पाहिलेलं नाही.

विकणारा म्हणाला होता, "थेट बसतो." एक्झॉस्टची तिसरी नळी थेट स्टिअरिंगच्या दांड्यावर बसली. कार्बोरेटर बॉनेटमधून थेट बाहेर आले, म्हणून बॉनेटला शेजारच्या मांजराची ये-जा होईल एवढं भगदाड पाडावं लागलं. फोन केला तर उत्तर आलं, "तुमची गाडी स्टँडर्ड नाही ना, सर." अरे, किट कार कुणाची स्टँडर्ड असते? त्याच माणसाने पैसे घेताना "किट कारसाठी खास" म्हटलं होतं. यावर मी बराच वेळ बोललो, पण तोवर त्याने फोन ठेवलेला होता.

सोबतच्या माहितीपत्रकाचं तर बोलूच नये. लोटस सेव्हन ही १९५७ साली आलेली ब्रिटिश गाडी, निम्म्या किट कारची आजी. तेव्हा तिकडे तयार गाडीवर कर होता, सुट्या भागांवर नव्हता. पण सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर मात्र कर लागायचा. म्हणून म्हणे ते गाडी *सुटी करण्याच्या* सूचना द्यायचे, आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या. मला मिळालेलं पत्रक मी दोन्हीकडून वाचून पाहिलं. काही फरक पडला नाही.

तर रविवारी सकाळी काका आले.

"काय बिघडलं?"

"काही नाही."

"मग उघडलीस कशाला?"

या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते मोठ्याने म्हटलं की मूर्खपणाचं वाटतं. मी सिलिंडरांच्या घशाबद्दल थोडं बोललो. काकांनी मान डोलावली आणि माझ्या हातातला टॉर्च काढून घेतला. टॉर्च धरणाऱ्या माणसाचा नियम असा, की तो स्वतःला जिथे बघायचंय तिथे उजेड पाडतो. मी अंधारात कार्बोरेटरचं आयडल जेट, म्हणजे गाडी नुसती उभी चालू असताना पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पुंगळी, बसवत होतो आणि काका समोरच्या दिव्याच्या वायरी न्याहाळत होते. जेट निसटलं. टिंग झालं, मग बारीक टिंग, मग काहीच नाही.

"काय पडलं?"

"जेट."

"केवढं?"

मी करंगळीचं नख दाखवलं.

"थांब, चुंबक आणतो."

"काका, पितळेचं आहे. पितळेला चुंबक लागत नाही."

"साधा लागत नाही," काका म्हणाले आणि गेले.

परत आले ते जुन्या स्पीकरमधला चुंबक सुतळीला बांधून. पुढची वीस मिनिटं त्यांनी माझ्या इंजिनात गळ टाकला. दर वेळी "आलं बघ!" म्हणायचे आणि सुतळी ओढायचे. आला एक वॉशर. मग एक नट. मग आणखी एक वॉशर, आणि शेवटी एक लांबलचक स्क्रू, जो मी जन्मात पाहिला नव्हता. प्रत्येक वस्तू ते वर्तमानपत्रावर नीट मांडायचे आणि विचारायचे, "हे कुठलं?" गाडी मी जोडलेली. माझ्या हातांनी. मला एकाचंही सांगता आलं नाही.

"म्हणजे हे नसलं तरी चालतंय," काका म्हणाले. ते मला धीर देत होते, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

जेट माझ्या गुडघ्याखाली होतं. मी वीस मिनिटं त्यावर टेकून बसलो होतो.

मग त्यांचा हात कार्बोरेटरला लागला आणि तो हलला.

"ढिला राहिलाय."

"मुद्दाम ढिला ठेवलाय, काका."

"मुद्दाम?"

मी समजावलं. इंजिन थरथरतं, कार्बोरेटर त्याला घट्ट आवळला तर तोही तितकाच थरथरतो आणि आतल्या टाकीतल्या पेट्रोलला फेस येतो. म्हणून मध्ये रबराच्या रिंगा, नटांखाली स्प्रिंगसारखे वॉशर, आणि किंचित फट सोडायची.

"फेस?" काका म्हणाले. "पेट्रोलला?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. माझा ताप मोजावा की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाचं ते 'बरं' होतं. मी हात धुवायला आत गेलो. दहा मिनिटं, फार तर.

गाडी सुरू झाली. आवाज असा, की बोनसाय विकत घ्यावा आणि आत वाघ निघावा. पण जरा पेडल दाबलं की उचकी, फट्, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून ठसका. सोमवारी मी मेन जेट, म्हणजे गाडी पळताना पेट्रोल सोडणारे, ११५ चे काढून जरा मोठ्या भोकाचे १२० चे घातले. मंगळवारी आयडल जेट बदलले. ते सुटे मिळत नाहीत, संच घ्यावा लागला, त्याच माणसाकडून, आणि तो पुन्हा "थेट बसतील" म्हणाला. बुधवारी हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचे चारही स्क्रू अर्धा अर्धा आटा फिरवत बसलो, कानाला रबरी नळी लावून चारी घशांचा श्वास ऐकला. चारही घसे ठणठणीत होते, म्हणजे आजार डॉक्टरलाच असावा असं वाटायला लागलं.

काल सहज कार्बोरेटरला हात लावला. हलेना. आठच्या आठ नट करकचून आवळलेले, रबरी रिंगा चेपून पापड झालेल्या. तेवढ्यात कुंपणापलीकडून काका म्हणाले, "आता हलत नाही ना?"

मी काही बोललो नाही. अबोला तिथून सुरू.

अडचण एकच आहे. रिंगा नव्या आणल्यात, नट परत ढिले करायचे आहेत. त्यातल्या खालच्या चार नटांपर्यंत पाना पोचवायला मला त्या दिवशी दीड तास लागला होता, दोन बोटं सोलली होती, शेवटी मी आरसा बांधून उलटं बघत काम केलं होतं. काकांनी ते चारही दहा मिनिटांत आवळले, टॉर्च एका हातात धरून. कुठला पाना वापरला, कुठल्या बाजूने हात घातला, हे एकदा विचारायला हवंय. टॉर्चही अजून त्यांच्याकडेच आहे.