‘मीट’ या शब्दासाठी काकांना क्षमा का मागावी लागली?

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जे घडले, त्यामुळे दिवसभर माझे मन थाऱ्यावर नाही. दिवाळीच्या फराळाची इंग्रजी पत्रिका आमच्या इमारतीतील एका वयोवृद्ध काकांनी लिहिली होती आणि तीत मिठाईसाठी ‘स्वीटमीट्स’ हा शब्द योजला होता. त्यात ‘मीट’ दिसताच एकाने भावना दुखावल्याचे कळवले, दोघातिघांनी हसणारे चेहरे पाठवले आणि तासाभरात काकांनी सर्वांची क्षमा मागितली. अचूक शब्द लिहिल्याबद्दल त्यांना क्षमा मागावी लागली, याचा मला अतिशय संताप आला आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘मेते’ म्हणजे अन्न, मग ते धान्य असो, फळ असो वा मांस. स्वीडिश भाषेत ‘मात’ म्हणजे आजही अन्नच. स्वीटमीट म्हणजे गोड खाद्य, आणि तो जुना अर्थ त्या शब्दाने आजवर जपून ठेवला आहे.

हे मला ठाऊक आहे ते माझ्या वडिलांमुळे. ते माळकरी होते. पन्नाशीला आल्यावर त्यांनी इंग्रजी शिकायला घेतले आणि रद्दीच्या दुकानातून १६११च्या इंग्रजी भाषांतराची बायबलची एक जुनी प्रत आणली. पहिल्याच अध्यायाच्या एकोणतिसाव्या ओवीत देव माणसाला बी धरणारी वनस्पती आणि फळझाडे देतो आणि हे तुम्हांला ‘मीट’ होईल असे सांगतो. पालाफळांना मीट का म्हटले आहे, असे त्यांनी रात्रीच्या वर्गात विचारले, तेव्हा शिकवणारे गृहस्थ सर्वांसमोर हसले आणि म्हणाले, “आधी मुळाक्षरे नीट गिरवा.” वडील पुन्हा त्या वर्गाला गेले नाहीत.

त्या हसणाऱ्या माणसाला वनस्पती आणि मांस यांतली विसंगती दिसलीही नव्हती. ती दिसली होती वडिलांना. आज काकांचा क्षमेचा संदेश वाचताना मला वडिलांचा तोच उतरलेला चेहरा आठवला.

प्राण्यांच्या शब्दांचेही असेच आहे. आजच्या ‘डिअर’चे जुने रूप ‘देओर’, आणि त्याचा अर्थ हरीण नव्हे, तर कोणतेही जनावर. जर्मनमध्ये ‘टीअर’ म्हणजे अजूनही जनावरच. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये वेड्याचे सोंग घेतलेला एडगर उंदीर-घुशींनाही ‘स्मॉल डिअर’ म्हणतो. आपल्याला याचे नवल वाटू नये, कारण संस्कृतातला ‘मृग’ अगदी याच वाटेने गेला. पूर्वी मृग म्हणजे रानातले कोणतेही जनावर होते, म्हणून सिंह मृगेंद्र आणि वानर शाखामृग. पुढे अर्थ आक्रसत हरणापाशी येऊन थांबला. एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या दोन भाषांत एकाच अर्थाचा शब्द त्याच प्राण्यावर येऊन स्थिरावला, हे प्रथम कळले तेव्हा मला झालेला आनंद अजून ताजा आहे. जुन्या इंग्रजीत ‘हुंद’ म्हणजे कोणताही कुत्रा होता, आज ‘हाउंड’ म्हणजे केवळ शिकारी कुत्रा.

सर्वांत जवळचा वाटतो तो भाकरीचा शब्द. ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, म्हणजे आजचा ‘लोफ’. त्या पावाचा राखणदार तो ‘ह्लाफवेआर्द’, ज्याचा झिजून ‘लॉर्ड’ झाला. कणीक मळणारी ती ‘ह्लॅफदिये’, म्हणजे आजची ‘लेडी’. आणि त्या घरचा पाव खाणारा ‘ह्लाफॅता’ म्हणजे आश्रित किंवा चाकर. ज्या समाजात धनी, धनीण आणि चाकर या तिघांचीही ओळख एकाच भाकरीवरून ठरते, तो समाज ‘अन्नदाता’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला परका कसा वाटेल? आमच्या गटावर हसणाऱ्यांना यातले काही कळले असते, तर त्यांना काकांकडून चार गोष्टी ऐकाव्याशा वाटल्या असत्या.

आज ‘मीट’ म्हटले की मांसच समजले जाते आणि खानावळीच्या फलकावर तोच अर्थ धरला पाहिजे, हे मला मान्य करावे लागते. ज्यांच्या घरात मांसाचे नावही चालत नाही, त्यांना क्षणभर दचकायला झाले असेल, हेही मी समजू शकते. माझे वडीलही प्रथम दचकलेच होते. पण त्यांनी दचकल्यावर प्रश्न विचारला, कोणाला क्षमा मागायला लावली नाही.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शब्दांच्या व्युत्पत्तीचा जाड कोश प्रथम हाती आला, तेव्हा मी हा शब्द शोधला आणि घरी येऊन वडिलांना सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढेच म्हणाले, “म्हणजे मी बरोबर वाचत होतो.” त्या वाक्यात कोणावरही राग नव्हता. लिहिता लिहिता माझाही राग थोडा निवला आहे.

वडिलांची ती प्रत माझ्यापाशी आहे, आणि त्या ओवीसमोर त्यांनी पेन्सिलीने काढलेले प्रश्नचिन्ह अजून पुसलेले नाही. उद्या सकाळी ती घेऊन मी काकांकडे जाणार आहे, आणि पत्रिकेतला शब्द होता तसाच राहू द्यावा, असे आज रात्रीच गटावर माझ्या नावानिशी लिहिणार आहे.