काटा मधोमध आहे म्हणे!

डिझेल गाडीच्या डॅशबोर्डावरचा पाण्याच्या तापमानाचा काटा चालकाची समजूत घालण्यासाठी ठेवलेला असतो, त्याला माहिती देण्यासाठी नव्हे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा मिळून पाणी ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतात, आणि ते बिचारे तसे धरून ठेवत असतानाच टर्बोच्या (इंजिनाच्या जळक्या वायूवर फिरून आत जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी येणारा जळका वायू चढावर साडेतीनशे अंशांवरून सातशे अंशांकडे बघता बघता पोहोचलेला असतो. काटा मात्र मधोमध. म्हणून त्या वायूचे तापमान दाखवणारा मीटर मला बसवून हवा होता. ही साधी गोष्ट, ज्या ज्या गॅरेजची पायरी मी चढलो तिथे, कुणीही ऐकून घ्यायला तयार नव्हते, आणि त्याचा जो संताप साचला आहे तो आज बाहेर काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आमची गाडी म्हणजे जुन्या टर्बो डिझेल मिनीबसवर बांधून घेतलेले फिरते घर. मालवाहू टेम्पो निदान येताना तरी रिकामा येतो. हिच्या नशिबी ते सुख नाही. पलंग, ओटा, गॅस, बॅटऱ्या, छतावरचा एसी हे सगळे बाराही महिने तिच्या अंगावर असते, त्यात दोनशे लिटरची पाण्याची टाकी भरली की आणखी दोनशे किलो वाढतात, आणि उंच सपाट तोंडावर वारा आदळतो तो वेगळाच. अशी गाडी मे महिन्यात बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढते तेव्हा काय होते, ते समजायला अभियंता असावे लागत नाही. पंचेचाळीस अंशांची हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते. जुन्या यांत्रिक डिझेल पंपाला त्याचा पत्ता नसतो. तो आपला नेमून दिलेले डिझेल टाकत राहतो. डिझेल इंजिनात हवेच्या मानाने इंधन वाढले की उष्णता वाढते, आणि त्यात एअर फिल्टर धुळीने जाम झालेला असेल किंवा टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप कुठे फुटलेला असेल तर विचारायलाच नको. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. शुद्ध अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते. पिस्टनच्या पोटावर तेलाचा फवारा आणि माथ्यावर दर फेरीला ताजी हवा येते म्हणून ते तग धरतात, परंतु टर्बोच्या आधी मोजलेले तापमान सातशेच्या वर बराच वेळ राहिले, तर ती धोक्याची घंटा आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे चालकाला हवा असतो तो हा एक आकडा. तो दिसला की पाय उचलता येतो, खालचा गिअर टाकता येतो, आणि घाट संपल्यावर इंजिन लगेच बंद न करता टर्बो निवेपर्यंत थांबता येते.

त्यासाठी मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा जळका वायू गोळा करणाऱ्या नळीला, एक भोक पाडून सेन्सर बसवावा लागतो. एवढे समजावून सांगितल्यावर आमच्या मिस्त्रींचे उत्तर काय? ‘काहून चांगल्या मॅनिफोल्डला भोक पाडता, साहेब? पाणी गरम झालं की काटा सांगतोच की!’ आणि त्याच दमात, ‘घाटात पिकअप कमी वाटत असंल तर पंप वाढवून देतो.’ म्हणजे ज्या जादा डिझेलने इंजिन भाजून निघते, ते सोडण्याचे काम हा गृहस्थ स्क्रूच्या एका फेऱ्यात, हसतमुखाने, चहाच्या पैशात करून द्यायला तयार आहे, आणि ते भाजणे मोजणारे यंत्र बसवायचे म्हटले की त्याला मॅनिफोल्डची दया येते! रस्त्यावर काळा धूर ओकत चाललेल्या निम्म्या गाड्यांचे मूळ या औदार्यात असावे, अशी मला दाट शंका आहे.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचे तर बोलूच नये. ‘कंपनीने दिलेले नाही, म्हणजे गरज नाही,’ असे तेथील टाय लावलेल्या तरुणाने मला ऐकवले. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये तापमानाचे सेन्सर कंपन्या स्वतःच बसवू लागल्या. गरज नव्हती तर ते कशाला बसवले? फरक एवढाच, की तो आकडा ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळतो आणि ज्याने गाडीचे हप्ते फेडले त्याला कळत नाही; त्याच्या वाट्याला फार तर एक पिवळा दिवा येतो.

शेवटी एक फिटर राजी झाला, पण सेन्सर बसवणार कुठे, तर सायलेन्सरच्या पाइपात, कारण तिथे वेल्डिंग करणे सोपे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! टर्बो त्याच वायूतून काम काढून घेतो, त्यामुळे टर्बोतून बाहेर पडल्यानंतरचे तापमान शंभर-दीडशे अंशांनी आणि भार वाढला की त्याहूनही अधिक कमी दिसते. शिवाय तो फरक कधीच एकसारखा राहत नाही. मला मोजायचे आहे ते मॅनिफोल्डमध्ये, जिथे सगळ्या सिलिंडरांचा वायू एकत्र येऊन टर्बोत शिरतो तिथे. बरे, तिथे भोक पाडायला तो तयार झाला तेही मॅनिफोल्ड जागेवर ठेवून, इंजिन चालू करून. ‘कीस आपोआप बाहेर फेकला जातो.’ बाहेर म्हणजे कुठे, महाराज? ड्रिलकडे येईल तो येईल, उरलेला मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर जाणार. मॅनिफोल्ड उतरवून, बाकावर धरून, साडेआठ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात निमुळते आटे पाडा, एवढीच माझी मागणी होती. त्यावर ‘गंजलेला स्टड तुटला तर आमच्यावर नाही’ असे चार साक्षीदारांसमोर वदवून घेतल्यावरच पाना हातात घेतला गेला.

सेन्सर म्हणजे के टाइप थर्मोकपल, तापेल तशी किंचित वीज देणारी तारांची जोडी. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज पट्ट्यात हीट ट्रीटमेंटच्या ज्या भट्ट्या आहेत, त्यांत हेच थर्मोकपल वर्षानुवर्षे चालते. तेव्हा माल हाकेच्या अंतरावर मिळेल अशी माझी भाबडी समजूत होती. दुकानदाराने समोर ठेवला तो भट्टीचा हातभर लांब आणि बोटाएवढा जाड दांडा, जो तापायला एवढा वेळ घेतो की तोवर घाट संपून धाबा येतो. तीन मिलिमीटरचा बारीक, आट्यांचा, तापमान पटकन पकडणारा प्रोब हवा, असे सांगितल्यावर ‘असला कुणी मागत नाही’ हे उत्तर. सोबतचा आकडा दाखवणारा इंडिकेटर 230 व्होल्टचा. गाडीत 12 व्होल्ट असतात याची आठवण करून दिली, तर म्हणे गाडीत इन्व्हर्टर आहे ना, टीव्ही चालतो ना, मग हेही चालेल. एका मीटरसाठी अख्खा प्रवासभर इन्व्हर्टर चालू ठेवण्याचा हा सल्ला त्यांनी पूर्ण गांभीर्याने दिला. अखेर प्रोब आणि 12 व्होल्टचा मीटर ऑनलाइन मागवावा लागला.

आणि मग गाडी वायरमनच्या हाती गेली. येथे माझा संयम संपला. थर्मोकपल ही बल्बची वायर नव्हे. दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या त्या तारा असतात आणि त्यांतून अंशामागे सुमारे 41 मायक्रोव्होल्ट, म्हणजे सातशे अंशांना जेमतेम 29 मिलिव्होल्ट निघतात. वायर केबिनपर्यंत पुरली नाही म्हणून या गृहस्थाने हॉर्नची उरलेली तांब्याची वायर इंजिनाच्या बाजूलाच जोडून दिली आणि वर छान काळी टेप गुंडाळली. जोड नव्वद अंशांच्या जागी, मीटर चाळीस अंशांच्या केबिनमध्ये. जोडापुढची तांब्याची वायर तापमानातला फरक मोजत नाही, म्हणजे मीटर सरळ पन्नास अंश कमी दाखवणार, आणि तेही चूक नेमकी जीवावर बेतणाऱ्या बाजूला. थर्मोकपलची वायर वाढवायची तर ती त्याच प्रकारच्या वायरने, हे प्रोबच्या पाकिटावरच्या चित्रात दिलेले होते. पाकीट मी त्यांच्या हातात दिले होते. त्यांनी त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

त्यातच प्रोबच्या तारांचे रंग अमेरिकी पद्धतीचे होते: पिवळी धन, लाल ऋण. लाल म्हणजे प्लस हे वायरमनच्या रक्तात भिनलेले, त्यामुळे ती उलटी लागली आणि इंजिन तापेल तसा आकडा खाली उतरू लागला. मी म्हटले, उलटी आहे. ते म्हणाले, मीटर डुप्लिकेट आहे. ऋण तार चुंबकाला चिकटते आणि धन तार चिकटत नाही, ही तपासणी स्पीकरमधला चुंबक लावून मी त्यांच्यासमोर करून दाखवली. त्यांनी ती पाहिली, मान डोलावली, आणि ‘साहेब, तीस वर्षं वायरिंग करतोय’ असे म्हणून मजुरी मागितली.

योग्य वायर आणून, जोड काढून टाकून, तारा पालटून आता तो मीटर एकदाचा चालू झाला आहे. मांजरसुंब्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये आकडा 690 कडे सरकतो, दुसरा टाकला की सहाशेच्या आसपास उतरतो, आणि या सबंध वेळात पाण्याचा काटा तसूभरही हलत नाही. हे प्रत्यक्ष दाखवावे म्हणून मिस्त्रींना शेजारी बसवून घाटात नेले. त्यांनी एकदा मीटरकडे पाहिले, एकदा काट्याकडे पाहिले आणि निदान केले, ‘काटा तर मधोमध हाय, साहेब. मीटर बदलून घ्या.’