इंजिन इटालियन कुळाचं, पण जन्म रांजणगावचा

तुमच्या जीप कंपास या एसयूव्हीवरच्या लेखात तिचं डिझेल इंजिन ‘इटालियन’ म्हणून एका ओळीत उरकलंय. मूळ आराखडा फियाटचा, हे खरंच. पण हे २.० लिटरचं (१९५६ सीसी) ‘मल्टिजेट’ इंजिन आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात बनतं, हेही लिहायला हवं होतं. टाटा हॅरियरमध्ये ते ‘क्रायोटेक’ नावाने बसतं आणि एमजी हेक्टर डिझेलमध्येही तेच. तीन कंपन्यांनी एकाच इंजिनावर भरवसा ठेवला, मला तर याचा फार अभिमान वाटतो.

आता कंपास चालवण्याबद्दल. ताकद सुमारे १७० पीएस, टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ३५० एनएम, आणि तो १७५० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पूर्ण मिळतो. माळशेज घाटात गाडी भरलेली असतानाही तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा दोन हजारांवर ठेवला की ती न कुरकुरता चढते. काटा दीड हजाराखाली गेला की मात्र टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) झोपतो. वळणावर वेळीच दुसरा गिअर टाकायचा, नाहीतर इंजिन गुदमरतं. आवाज थोडा खरखरीत आहे, थंड असताना जास्तच.

बीएस ६ वाली (धुराच्या कडक नियमांची) डिझेल गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की बघा. रोजची धाव चार-पाच किलोमीटरचीच असेल तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या गाळणीत, काजळी साठत जाते. ती जळायला हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत गाडी पळावी लागते. तेवढं जमणार नसेल तर डिझेल घेऊच नका, पेट्रोल बघा.