मामाच्या नळीतलं झाड

मामाला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर पाल्यामुळ्यांचा पाऊस सुरू झाला. सगळ्या फॉरवर्डचा सूर एकच: केमो म्हणजे विष, निसर्गाकडे वळा.

आता गंमत बघा. त्याच दिवशी मामाच्या हाताला लावलेल्या नळीतून निसर्गच थेंबथेंब उतरत होता. पॅक्लिटॅक्सेल, केमोचं एक औषध! पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल १९६२ साली अमेरिकेत गोळा केली गेली. तिच्यातलं हे द्रव्य मनरो वॉल आणि भारतात जन्मलेले मनसुख वाणी यांनी वेगळं काढलं, त्याची रचना १९७१ मध्ये जाहीर केली. ते पेशींचं विभाजन कसं अडवतं, हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. औषध म्हणून मान्यता १९९२ ला, तीही आधी अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. सालीपासून सलाईनपर्यंत तीस वर्षं गेली. आणि ते झाड चांगलंच विषारी आहे बरं का.

केमोची आणखी औषधं बघा: विनोरेल्बिन सदाफुलीतून आलं, इटोपोसाइडचं मूळ पोडोफायलम या वनस्पतीत, टोपोटेकनचं कॅम्पटोथेका झाडात. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर ही तिन्ही वापरली जातात. मग 'केमो की वनस्पती' हे भांडण नेमकं कशाचं?

माझा राग वनस्पतींवर नाही, मधली तीस वर्षं गाळून टाकण्यावर आहे. 'अमुक अर्काने कॅन्सरच्या पेशी मारल्या' अशी बातमी येते तेव्हा त्या पेशी बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत असतात. बशीत तर फिनेलही पेशी मारतं! हळदीतलं कर्क्युमिन बशीत चमकतं, पण पोटात घेतलं की रक्तात जेमतेम पोचतं.

आणि 'निदान अपाय तरी नाही ना' म्हणणाऱ्यांसाठी बीटा-कॅरोटीन. गाजराला रंग देणारं हे साधंसुधं द्रव्य फिनलंडमधल्या २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत तपासलं गेलं. १९९४ मध्ये निकाल आला: ज्यांना त्याच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. शिवाय सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतली तर इरिनोटेकन या केमोच्या औषधाचा जोर शरीरात कमी पडतो.

हे सगळं मामाला सांगितलं. त्याने गुपचूप उशीखालून कॅप्सूलची एक बाटली काढली. "तुझी मामी रोज दोन देते," म्हणाला. पुढच्या खेपेला ती बाटली त्याने स्वतःच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.