टोपीवाला ब्राउझर निवडताना

ब्राउझर बदलायचं मनात आलंच, तर घाई करू नका. फोनबरोबर आलेला उत्तम. कंपनीने एवढ्या प्रेमाने दिलाय, त्यात तिचा काही स्वार्थ असेल असं मनातही आणू नये. सफारी या ॲपलच्या ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून लावलेलं असावं म्हणून गूगलने 2022 या एका वर्षात ॲपलला सुमारे 20 अब्ज डॉलर मोजले. तुमची शोधाशोध वाचावी, एवढाच त्यामागचा हेतू.

फारच संकोच वाटत असेल तर गूगलच्या क्रोम ब्राउझरमधली इन्कॉग्निटो, म्हणजे गुपचूप बघायची खिडकी, आहेच. काळी खिडकी, मधोमध टोपी-चष्मेवाला. मूळव्याधीचं औषध, दुसरी नोकरी, भावी जावयाची चौकशी, सगळं तिथे उरकून घ्या. घरच्यांना पत्ता लागणार नाही. ऑफिसच्या नेटवर्कला, इंटरनेट कंपनीला आणि त्या वेबसाइटला लागू शकतो. पण ते काय परके आहेत? याच खिडकीवरून अमेरिकेत 2020 मध्ये गूगलवर खटला झाला आणि 2024 च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. ज्या नोंदी ठेवल्याच जात नाहीत असं लोक धरून चालले होते, त्यासुद्धा पुसून मिळतात. आणखी किती सेवा करायची माणसाने!

थोडे धाडसी असाल तर ‘डू नॉट ट्रॅक’ चालू करा. म्हणजे प्रत्येक साइटला हात जोडून सांगायचं, बाबा रे, माझ्या मागे येऊ नकोस. ऐकायचं की नाही, हे त्या साइटच्या मर्जीवर. शिवाय हात जोडणारे थोडे, त्यामुळे तुम्ही गर्दीत उठून दिसता. ॲपलने 2019 मध्ये याच भीतीने ही सोय सफारीतून काढून टाकली. हौसेने डाउनलोड केलेले मराठी फाँटही असू द्या. फाँट, स्क्रीनचा आकार, भाषा एवढ्यावर कुकीशिवायही, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखचिठ्ठीशिवायही, ओळख पटू शकते. अनोळखी म्हणून कुणी वागवलं, असा अपमान नको.

फायरफॉक्स नावाच्या ब्राउझरपासून मात्र जपून. 2022 पासून तो प्रत्येक साइटच्या कुकीज वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो. मग एकदा पाहिलेला मिक्सर गावभर तुमच्या मागे हिंडायला कचरतो. एवढा एकटेपणा सोसेल? त्याचा घरखर्च बराचसा गूगलच्या पैशांवर चालतो, हाच काय तो दिलासा.

आणि हट्टालाच पेटलात तर टॉर ब्राउझर घ्या. तीन संगणकांवरून वळसे घेत तो तुमचा पत्ता लपवतो. पान उघडेपर्यंत चहा टाका. फेसबुकने 2014 मध्ये टॉरसाठीही खास पत्ता काढला. तिथे जा, मोबाईल नंबर टाकून लॉगिन करा आणि लिहा: ‘आजपासून आपण प्रायव्हसी पाळतो.’ फोटो जोडा. लोकेशनही टाका, शेजारच्या बिल्डिंगलाही कळू दे.