अर्धं तिकीट

कॉलेजातल्या चर्चासत्रात मिळालेलं प्रवासखर्चाचं पाकीट उघडलं तर आत 424 रुपये. वर नाव माझंच, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसकट, त्यामुळे चुकून दुसऱ्या कुणाचं आलं असेल अशीही आशा नाही. ज्या कवींच्या शेजारी बसून मी आले, त्याच एसटीनं, त्याच खड्ड्यांतून, त्यांच्या पाकिटात 848.

मी ऑफिसात भाऊसाहेबांकडे गेले.

"मॅडम, तुमचं हाफ तिकीट," ते म्हणाले, आणि माझं तिकीट नोट तपासावी तसं ट्यूबलाइटपुढे धरून मलाच दाखवलं.

2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं भाडं. निमंत्रणात 'प्रत्यक्ष प्रवासखर्च' असं छापलेलं, आणि प्रत्यक्षात मी अर्धेच पैसे दिलेले. म्हणजे हिशेब बिनचूक! तेच जास्त झोंबलं. चुकला असता तर भांडता तरी आलं असतं. तरी मी म्हटलं, "अध्यक्षांना पंचाहत्तरी उलटून गेलीय, त्यांना तर एसटी फुकट. मग त्यांचं पाकीट रिकामं का नाही?"

"ते गाडीनं आले ना."

"बरं, मानधन?"

"मानधनाला हेड लागतं मॅडम, हिशेबात खर्चाचं खातं. लेखकाला हेड आहे, तज्ज्ञाला आहे. अनुवादक असं हेडच नाही आमच्याकडं. 'इतर'मध्ये टाकता आलं असतं, पण 'इतर' संपलं. मांडव, हार आणि जनरेटर."

आणि चर्चासत्राचा विषय काय, तर साहित्यिक अनुवाद. राष्ट्रीय. दोन दिवस.

उद्घाटनाबद्दल फार सांगत नाही, तुम्ही एक ऐकलं असेल तर हेही ऐकलंय. पहिल्या वक्त्यानं मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याबद्दल आनंद व्यक्त केला, दुसऱ्यानं तोच पुन्हा व्यक्त केला. मग भाषांतर आणि अनुवाद यांतला फरक. हा फरक मी गेली वीस वर्षं ऐकत्येय आणि दर वेळी तो बाजू बदलतो. कधी भाषांतर शब्दाला शब्द आणि अनुवाद भावाला भाव, कधी नेमकं उलटं. मग ज्ञानेश्वरी. ती आल्याशिवाय जेवण वाढत नाहीत. गीतेचे 700 श्लोक, माउलींच्या ओव्या नऊ हजार. आज कुणा अनुवादकानं असं हस्तलिखित नेऊन दिलं, तर प्रकाशक कागदाचा भाव सांगून पहिले दोन अध्याय ठेवेल.

माझ्या शेजारी एक सर होते. वाणिज्य शाखेचे. मांडीवर फोल्डर, फोल्डरवर टोपी, खिशात तीन पेनं.

"मॅडम, पेपर कितव्या सेशनला?"

"चौथ्या."

"वाईट. जेवणाच्या आधीचं. माझा पहिल्यात होता, झाला. 'अनुवादित साहित्य आणि ग्रामीण बाजारपेठ'." मग जरा जवळ सरकून, "तुमचं मूळ काय?"

"मूळची जतकडची. आता सांगलीला असते."

"तसं नव्हे. मूळ लेखन."

"मूळ नाही. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते."

"ते झालंच हो. पण मूळ?"

हे त्यांनी तीनदा विचारलं, आणि आवाजात इतकी काळजी, की मलाच वाटायला लागलं, आपल्याला काहीतरी मूळ असायला हवं होतं, घरच्यांनी वेळेवर लक्ष दिलं नाही.

"शेवटची कादंबरी किती पानांची?"

"तीनशे अठ्ठ्याऐंशी."

"वेळ?"

"दोन वर्षं."

सरांनी कार्यक्रमपत्रिका उलटी केली आणि स्वागतगीताच्या पाठीवर गणित मांडलं. "यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2018 चा तक्ता. प्राध्यापकांच्या बढतीसाठीचा. अनुवादित पुस्तक, आठ गुण. स्वतःचं पुस्तक, राष्ट्रीय प्रकाशक, दहा. आता बघा हं. राष्ट्रीय चर्चासत्रात पेपर, तीन. अशी तीन केली की नऊ. दोन-दोन दिवस धरले तर सहा दिवस. जेवण त्यांचं." पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्या दोन वर्षांपेक्षा माझे सहा दिवस एक गुणानं पुढं. मर्यादा असते म्हणा त्याला, तीस टक्क्यांची. पण तत्त्व म्हणून सांगतो."

तत्त्व म्हणून मला काही सुचेना. त्यांना मात्र सुचलं.

"तुम्ही सर्व्हिसला कुठं?"

"कुठंच नाही."

"अरे." आणि त्यांनी माझ्या आठावर हळूच, वाईट वाटून, एक रेघ मारली. खाली शून्य काढलं. ते नीट गोल येईना म्हणून दोनदा गिरवलं.

तसं पाहिलं तर यूजीसी दिलदारच म्हणायची, दहातले आठ देते. साहित्य अकादमी 1989 पासून अनुवादाला वेगळं पारितोषिक देते, चोवीस भाषांत. मूळ पुस्तकाला एक लाख, अनुवादाला पन्नास हजार. हेही हाफ तिकीटच. मला ते मिळालेलं नाही, मिळेल असंही नाही, त्यामुळे ही तक्रार निव्वळ तात्त्विक आहे, सरांसारखी.

चौथं सत्र एकला सुरू व्हायचं ते पावणेदोनला झालं. मला वीस मिनिटं होती, त्यांची सहा झाली. मी बारा पानं बाजूला ठेवली आणि एकाच वाक्याबद्दल बोलायचं ठरवलं. कादंबरीत दुष्काळ आहे. तीन दिवस चूल न पेटलेल्या घरात शेजारीण येते आणि विचारते, "ऊट आतेन्री?" आमच्या सीमेवरच्या कन्नडमध्ये हा नुसता रामराम आहे. समोरच्यानं "आत्री", झालं हो, म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण मराठीत "जेवण झालं का हो?" लिहिलं की ती बाई त्या घरात येऊन टोमणा मारते. "बरं आहे ना?" लिहिलं तर टोमणा जातो, पण भूकही जाते. आठ दिवस मी या दोन शब्दांपाशी बसून होते. 'री'मधला आदर कुठं ठेवायचा, ते अजून...

हे सांगताना मी माइकमध्ये, जरा आवाज चढवून, म्हटलं, "म्हणजे, जेवण झालं का?"

मागच्या तीन रांगा उठल्या.

त्यांना वाटलं, सूचना आहे. एकदा मागच्या रांगा उठल्या की पुढच्यांना कोण धरणार? सूत्रसंचालक मॅडमनी आभार मानले, माझं नाव पुन्हा चुकवलं, आणि बुके शोधायला गेल्या. सत्राध्यक्ष तेवढे बसून होते. नंतर कळलं, त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

मी पानं गोळा करून खाली मांडवात पोचले तोवर जिलेबीच्या परातीत नुसता पाक. मसालेभाताच्या पातेल्यात तळाला लागलेली खरपुडी, ती खरवडत एक बाई बसलेली. चेहऱ्यावरून आमच्याच भागातली वाटली. माझ्या गळ्यातल्या बिल्ल्याकडं नाही, तोंडाकडं बघून तिनं विचारलं, "ऊट आतेन्री, अक्का?"

मी म्हटलं, "आत्री."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, खरपुडी ताटलीत काढली, वर शेंगांची चटणी घातली आणि ताटली माझ्या हातात ठेवली. सगळं चर्चासत्र आटोपल्यावर अनुवाद कळलेलं माणूस भेटलं ते हे, आणि तिचं नाव कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. तिथंच उभ्यानं खाल्लं. वाणिज्यवाले सर दोन जिलेब्या घेऊन आले, दोन्ही त्यांच्याच होत्या, आणि म्हणाले, "प्रमाणपत्रं वाटतायत. तुम्हाला उपयोग नाही, पण घेऊन टाका."

घेतलं. त्यावर 'सहभागी श्रोता' असं आहे.

हे सगळं विसरले असते. पण आज सकाळी कॉलेजातून फोन आला. चर्चासत्राचं पुस्तक काढायचंय, त्यासाठी प्रत्येक निबंधाचा सारांश इंग्रजीत हवा. बावीस निबंध आहेत, बहुतेकांनी मराठीतच पाठवलेत. "मॅडम, तुम्ही जरा करून द्याल का? तुम्हाला काय, सवयच आहे. मूळ तर तयारच आहे."

मी मानधनाचं विचारलं. हेड बघून सांगतो म्हणाले.

नाही म्हणणार आहे. अजून म्हटलेलं नाही. दुपारी सहज फाइल उघडली तर पहिलाच सारांश ग्रामीण बाजारपेठेचा. सोळा ओळी. इंग्रजीत आठ झाल्या. बाकीच्या आठ ओळींत काही नव्हतंच, पण सरांना मी ते सांगणार नाही.