‘लॉयल्टी’ जहाजाबद्दल थोडं
उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्यावरच्या या लेखात वालचंदनगर आणि प्रीमियर मोटारी सविस्तर आल्या आहेत, पण ‘लॉयल्टी’ जहाज एका ओळीत उरकलंय, याची चुटपुट लागली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं हे जहाज पहिल्या महायुद्धात रुग्णनौका होतं. ते विकत घेऊन सोलापूरच्या वालचंदांनी आणि त्यांच्या भागीदारांनी ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला धाडलं, तेही समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांचीच मक्तेदारी असताना! त्या कंपन्यांनी भाडं पाडून वालचंदांच्या ‘सिंदिया’ जहाज कंपनीला जेरीस आणलं, तरी ती तगली. भारताचा राष्ट्रीय सागरी दिन ५ एप्रिलला असतो, तो त्याच सफरीमुळे. वालचंदांचा बंगळूरचा विमान कारखाना (१९४०), विशाखापट्टणमची गोदी (१९४१) नंतरची. खरी छाती लागली ती त्या पहिल्या जहाजाला. शाळेत आम्हाला हे कुणीच सांगितलं नाही, याचं फार वाईट वाटतं.